चौथी रिंग

फोनची चौथी रिंग वाजली आणि नदीकाठच्या चौकीतला भोंगेवाला खुर्चीतून उठला.

रोज सकाळी आठला तीनच रिंगा वाजायच्या. सरहद्दीपलीकडच्या धरणावरचा गेटवाला फोन लावायचा. लाइन अशी खरखरायची की बोलणं कळण्याची मारामार, म्हणून दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. तीन रिंगा होऊन फोन बंद झाला की सगळं ठीक. वाजतच राहिला की धरणाचे दरवाजे उघडले. मग ह्याने भोंगा द्यायचा आणि नदीच्या पात्रातल्या माणसांनी काठावर पळायचं. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पाचवी. सहावी. त्याचा हात फोनकडे गेला.

"हात लावायचा नाही!" राजधानीतून आलेले साहेब कडाडले. टेबलावरच्या हुकुमावर त्यांनी बोट आपटलं. "त्यांच्याशी संबंध तोडलेत आपण. शत्रूचा फोन आहे तो."

"उचलत नाही, साहेब. पण पाणी सुटलंय. दहा मिनिटांत इथे येईल."

"घाबरवतोय तो आपल्याला. आणि तू लगेच घाबरलास!"

घाबरला तर होताच. खिडकीतून खाली पात्र दिसत होतं. वाळूतल्या काकडीच्या वेलांत पंधरा-वीस बाया वाकल्या होत्या, त्यांत पिवळ्या रुमालाची त्याची बायको. काल डबा घरीच विसरला म्हणून आज सकाळीच तिने त्याची खरडपट्टी काढली होती.

फोन थांबेना. आता साहेबसुद्धा फोनकडे बघायचं टाळत होते. अकरा वर्षांच्या सवयीने भोंगेवाल्याचा हात आपसूक भिंतीवरच्या बटणावर पडला. भोंगा घुमला.

"अरे, काय केलंस! भोंगा आता विमानहल्ल्यासाठी आहे!"

तो ऐकायला थांबलाच नाही. धूम ठोकली ती थेट काठावर. आणि तिथेच थबकला.

पात्रात कुणीच पळत नव्हतं. सगळ्या बाया वाळूत पालथ्या पडल्या होत्या, हात डोक्यावर घेऊन. गेल्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्या गावाकडून घोटून घेतलं होतं, भोंगा ऐकला की असाल तिथे आडवे व्हा, हलू नका. तेव्हा भोंगा ह्यानेच वाजवला होता.

"उठा! पळा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. भोंग्यापुढे त्याचं त्यालाच ऐकू येईना.

पिवळा रुमाल तेवढा हलला. बायकोने मान वर केली. नवरा काठावर उघड्यावर उभा, हे पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. घाईघाईने हात हलवून ती त्याला खुणावू लागली, आडवे व्हा, अहो, लवकर आडवे व्हा.