आईचा स्वेटर

‘येत्या उन्हाळ्यात आईला समुद्र दाखवू,’ असं माझे थोरले भाऊ, अण्णा, सतरा वर्षं म्हणत होते. आई मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्येच वारली.

बंदरांच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात ती मला दिसली. फोटो शंभर वर्षांपूर्वीचा, गलबतांची वाट पाहणाऱ्या बायकांचा. त्यांतल्या एकीनं भर उन्हात स्वेटर घातला होता. त्याचं खालचं बटण शर्टाचं होतं. ते मीच लावून दिलं होतं.

पुढच्या रविवारी अण्णांना ओढून नेलं. टाचा दुमडलेले बूट फरफटत ते माझ्यामागून येत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या मराठीत कानडी शब्द शिरले होते.

“सरी सरी, बरं मथुरा, दाखव लौकर. स्वल्प तिच्यासारखी दिसत असेल कुणीतरी.”

फोटोत बाकीच्या बायका तशाच उभ्या होत्या. आई नव्हती. पाण्याच्या कडेला तिचा स्वेटर पडला होता, बाह्या आत घालून घडी केलेला, अगदी तिच्या पद्धतीनं.

“बघा अण्णा,” मी म्हणाले, “शेवटी एकटीच उतरली पाण्यात.”

मागची फरफट थांबली.

स्वेटरशेजारी आता बुटांचा एक जोड होता. टाचा दुमडलेला.

मी मागे वळले नाही. हाकही मारली नाही.