एकशे चाळीसची रेघ

"गुडघे वाकव," लुआ म्हणाली. "एवढे नको. बसल्यासारखी दिसतेस."

क्वेन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. अकरा वर्षांची. बापाने, लोईने, तिच्या डोक्यावर पट्टी टेकवली आणि पेन्सिलीने खूण केली. सरळ उभी राहिली की एकशे एक्केचाळीस सेंटीमीटर. एकशे चाळीसवर लुआने नेलपॉलिशने लाल रेघ ओढून ठेवली होती. रेघेच्या खाली मुलांचं तिकीट, वर मोठ्यांचं. थीम पार्कचा कायदा असा. वय कुणी विचारत नाही. दारात मापाचा खांब असतो आणि खांबाशेजारी एक माणूस.

तिकिटं तीन महिन्यांपूर्वी, नव्या वर्षाच्या सणातच काढली होती, कारण एप्रिलअखेरच्या सुट्टीची नंतर मिळत नाहीत. त्या चार दिवसांत शाळा बंद, कारखाने बंद, सगळा देश एकदम रस्त्यावर. वर्षभर मशीनला जुंपायचं, सगळ्यांना एकदमच मोकळं सोडायचं आणि मग टीव्हीवर गर्दी दाखवून हसायचं. लोई आणि लुआ दोघंही बुटांच्या कारखान्यात. दोघांना एकत्र मिळते ती हीच सुट्टी.

लुआने वहीत सगळं मांडलं होतं. पहाटे साडेचारला निघायचं, दोन मोटारसायकलींवर पाच जण. पाण्याची घसरगुंडी आधी, दहानंतर तिथे दोन तासांची रांग. मोठ्यांची तिकिटं तीन: ती, लोई आणि लोईची आई. मुलांची दोन: क्वेन आणि धाकटी मित. सणात क्वेन एकशे एकोणचाळीस भरली होती. तीन महिन्यांत पोरगी वाढेल, हे वहीत कुठेच नव्हतं.

दुपारी लुआने पार्कला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. ताई, तिकीट बदलून मिळत नाही, परत घेत नाही, उद्याची सगळी संपली. उंची जास्त भरली तर बाळाला बाहेर थांबावं लागेल.

"तिकिटाला मोठी," लोई म्हणाला, "आणि बाहेर ठेवायला बाळ."

"बोलून काय होणार? पुन्हा मोजा. क्वेन, वाक."

"आई, त्या माणसाने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं तर?"

"सैल पँट घाल."

"आणि पकडलं तर?"

मग मित म्हणाली, "मी तुला आतून हात करीन, ताई."

आजी उंबऱ्यापाशी बसून उद्याच्या भातासाठी शेंगा सोलत होती. अठ्ठावन्न वर्षांची. आपण झुलत्या जहाजात बसणार आहोत, असं तिने महिनाभर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. तिने शेंगांवरची नजर काढली नाही.

"मी राहते घरी. माझं तिकीट तिला द्या."

"मग मीपण नाही जात," क्वेन म्हणाली.

"वा," लुआ म्हणाली. "दोघी घरी बसा. आम्ही तिघं तिथे जाऊन तोंडं पाडून फिरतो. वाक गं, मघाशी बरं जमलं होतं."

क्वेन वाकली. मान खाली गेली, खांदे गोल झाले. आजीने सूप बाजूला सारलं आणि उठली.

"पुरे झालं. कारखान्याच्या दारात कणसं विकून पाच वर्षं दूध पाजलं हिला. का, तर उंची वाढते म्हणे. आणि वाढली तर तुम्ही हिला वाकायला शिकवताय? मी शेतात वाकले ते पोटासाठी. घसरगुंडीसाठी वाकायचं होय?"

"आई, दुसरा उपाय सांगा ना मग."

"उपाय मला माहीत नाही. उभं कसं राहायचं ते माहीत आहे." तिने नातीला हाताने बाजूला केलं आणि स्वतः चौकटीला पाठ लावली. "बघ इकडे. टाचा लाकडाला. हनुवटी वर. मोजणारा आला की त्याच्या डोळ्यांत बघायचं."

ती होती तेवढी ताठ उभी राहिली. लाल रेघ तिच्या डोक्याच्या चांगली तीन बोटं वर होती.

लोईने बघितलं. लुआने बघितलं.

"आई," लुआ हळूच म्हणाली, "हलू नका."

लोईने पट्टी टेकवली. आईच्या डोक्यावर हात ठेवायची त्याची ही पहिलीच वेळ. केस इतके विरळ झालेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. एकशे छत्तीस. हाडं लांबतात त्या वयात युद्ध नुकतंच संपलं होतं आणि भातात भात कमी, रताळीच जास्त असायची. त्या पिढीची उंची कुणी खाल्ली, याचा हिशेब कुठल्या सरकारने दिला नाही. आणि तिची उंची तर आजवर कुणी मोजलीच नव्हती. मोजायचं कारणच पडलं नव्हतं.

लुआने वही ओढली आणि दोन नावं खोडली. "मुलांची दोन: मित आणि आई. मोठ्यांची तीन: मी, हे आणि क्वेन."

"आजी, तू माझ्याबरोबर," मित म्हणाली. "माझा हात सोडायचा नाही."

क्वेन सरळ झाली. अगदी सरळ. लोईने पेन्सिल कानामागे खोचली.

आजीला आपली खूण बघायची होती. ती वळली. नवी रेघ एका जुन्या रेघेवर नेमकी बसली होती. शेजारी लोईच्या अक्षरात लिहिलेलं तिने बोट ठेवून वाचलं: क्वेन, कंदिलांचा सण. म्हणजे गेल्या शरदातली खूण. तिने बोटांवर महिने मोजले. मग नातीकडे बघितलं, जरा मान वर करून.

"आठ महिने झाले हिने मला गाठून," ती म्हणाली. "आणि मी समजत होते, मीच खचत चाललेय."