पंखा बंद

"आत्या, पंखा बंद करते हं. थोडी कळ काढा," धम्मप्रिया म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पाती फिरत फिरत थांबली. खाटेवरच्या सरजाबाईंनी डोळे मिटून हो म्हटलं. लकवा मारल्यापासून सासूबाईंपाशी बोलायला एवढंच उरलं होतं. डोळे मिटले की हो, उघडे राहिले की नाही. आणि एक डावा हात, तोही सावकाश चालणारा.

चाकूरची मे महिन्यातली दुपार. खिडकी लावलेली, दाराच्या फटीत फडकं कोंबलेलं. पुढच्या पत्र्याच्या खोलीत सोयाबीनचं मेण नुसत्या उन्हानंच पाझरायला लागायचं. म्हणून विकायच्या मेणबत्त्यांच्या वातींची चाचणी इथं, स्लॅबच्या एकुलत्या एका खोलीत. खाट टाकल्यावर जेमतेम स्टुलापुरती जागा उरत होती. त्या स्टुलावर मेण ओतलेले काचेचे ग्लास पेटवून मांडले होते, प्रत्येकात वेगळ्या जाडीची वात. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यापुढं सरजाबाईंनी जन्मभर किराणा दुकानातली साधी पांढरी मेणबत्ती लावली. तिची वात जाड की बारीक, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

शेजारची रुखसार वासांचे नमुने हुंगत होती. या धंद्यात तिची निम्मी भागी होती.

"ह्याला लव्हेंडर म्हनायचं का? दवाखान्याची फरशी पुसल्यावानी येतंय की गं! कोन घेतंय हे?"

"लातूरचे मडिवाळप्पा घेतेत. त्यांच्या दुकानात हेच खपतंय म्हने."

"मावशी, तुमीच सांगा." रुखसारनं एकेक नमुना सरजाबाईंच्या नाकाशी धरला. लव्हेंडरला डोळे उघडेच राहिले. मोगऱ्यालाही. वास न घातलेल्या नुसत्या मेणाला मात्र ते हळूच मिटले.

"घ्या! जल्मभर सोयाबीन कापून हात सोलले, तरी मावशीला त्याचाच वास ग्वाड!"

धम्मप्रिया हसली, पण तिचं लक्ष ज्योतीकडं होतं. मागच्या खेपेला मडिवाळप्पांनी माल परत पाठवला होता. एका मेणबत्तीची काच काळी झाली होती, दुसरीच्या मधोमध विहीर पडून कडेचं मेण तसंच राहिलं होतं. "या वक्ताला अर्धी जळलेली दाखवा ताई," ते फोनवर म्हणाले होते. "काच साफ दिसली तर म्हयन्याच्या म्हयन्याला माल उचलतो. न्हाई तर मला पुन्हा फोन करू नका." संध्याकाळी त्यांचा टेम्पो चाकूरवरून लातूरला जाणार होता.

माल उचलला तर धम्मप्रिया घरी राहणार होती, सासूपाशी. नाही उचलला तर तिनं पुण्याला नवऱ्याकडं, प्रीतमकडं जायचं, कंपनीत लागायचं. सरजाबाईंसाठी त्यानं लातूरच्या एका संस्थेत खाट सांगून ठेवली होती. तो हे बोलला तेव्हा फोनचा स्पीकर चालू होता, आणि फोन सरजाबाईंच्या उशाशी.

जाड वातीनं धूर केला, ती विझवली. बारीक वात मेणात बुडाली. मधली मात्र चांगली लागली. मेण गोल वितळत कडेकडं निघालं. पण ज्योत मधूनच एका अंगाला झुकायची, काचेला काळं लावायची, पुन्हा उभी राहायची.

धम्मप्रियानं काचेवरची काजळी बोटाला फडकं गुंडाळून पुसली. खिडकीची कडी पाहिली. फटीतलं फडकं आणखी दाबलं. ज्योत झुकतच राहिली. झुकायची, उभी राहायची. झुकायची, उभी राहायची.

रुखसार बघत होती. तिनं आधी ज्योतीकडं पाहिलं, मग खाटेकडं.

"धम्मे, वारं न्हाई गं ते. मावशीचा श्वास हाय."

धम्मप्रियानंही खाटेकडं पाहिलं.

"मग स्टूल सरकीव की," रुखसार म्हणाली.

"आता कसं सरकवू? मेण पातळ हाय. हिंदकळलं की काच खराब, मग पुन्हा पयल्यापासून. टेम्पो थांबतोय व्हय तवर?"

रुखसारनं आवाज उतरवला. पण खोली ती केवढी! "मावशीचं तोंड भिंतीकडं करू का जरा?"

"गप बस गं तू."

धम्मप्रिया एवढं बोलली खरी, पण तिची नजर भिंतीकडं गेली आणि तिथंच थांबली. मग तिनं खाली बघितलं. ओल्या फडक्यानं सरजाबाईंचं कपाळ पुसलं, गळा पुसला. त्यांच्या डोळ्यांत बघायचं मात्र तिनं टाळलं.

"धम्मे! बघ, बघ! आली की लायनीवर!"

ज्योत सरळ उभी होती. कुणी चित्रात काढल्यासारखी. मेण कडेला टेकत होतं, सगळीकडून सारखं. धम्मप्रिया स्टुलापाशी गुडघ्यांवर बसली. असं तिनं इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. ती हसली, आणि हसतच सासूला सांगायला वळली.

सरजाबाईंचे ओठ गच्च मिटलेले होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तोंड लालबुंद. डोळे टक्क उघडे, ज्योतीवर.

"आत्या! श्वास घ्या!"

डोळे उघडेच राहिले.

"आत्या, तुमच्या पाया पडते, श्वास घ्या!"

ती उठली आणि तिनं पंख्याचं बटण दाबलं. पाती फिरली. ज्योत आडवी झाली, विझली. धुराची रेघ खोलीभर विस्कटून गेली. खाटेवर सरजाबाईंची छाती मोठा आवाज करून वरखाली व्हायला लागली. रुखसार पाण्यासाठी आत पळाली. धम्मप्रिया बटणावर हात ठेवून तशीच उभी होती.

बऱ्याच वेळानं श्वास थोडा खाली बसला. सरजाबाईंचा डावा हात खाटेवरून निघाला, चाचपत स्टुलापर्यंत गेला. बोटांनी काडेपेटी शोधली आणि धम्मप्रियाच्या बाजूला सरकवली.

मग त्यांनी ओठ पुन्हा मिटून घेतले.