घसरगुंडीची भिंत

गेल्या परीक्षेत ट्रक हलताच तिची खोकी धडाधड कोसळली, तेव्हापासून लॉजिस्टिक्सच्या कॉलेजात तिचं नाव 'घसरगुंडी' पडलं ते पडलंच. आज पुन्हा तेच प्रॅक्टिकल होतं. रिकामा ट्रक तपासायला सर टॉर्च घेऊन आधी चढले. "खोक्यांत फट दिसली की मार्क कापणार, आणि घंटा होईपर्यंत कुणीही तोंड उघडायचं नाही!" घसरगुंडी इरेला पेटली. मान खाली घालून तिने थरावर थर चढवले, पार छतापर्यंत. घंटा झाली, वर्गाने टाळ्या पिटल्या, पण सर कुठेच दिसेनात. तोच खोक्यांच्या भिंतीमागून आवाज आला, "टॉर्च लावलाय. बाहेर उजेड दिसतोय का?" "नाही, सर!" "शाब्बास! पैकीच्या पैकी! आता मला उतरव." तिने घाम पुसला आणि पहिलं खोकं उचललं. "थांबावं लागेल, सर. आधी चढलेला माल शेवटी उतरतो, तुम्हीच शिकवलंत."