रिकामी खुर्ची

लेक एकटाच बडबडतो, म्हणून आईने त्याला समुपदेशक बाईंकडे आणलं. बाहेर बसून कंटाळल्यावर तिने दाराच्या काचेतून डोकावलं, तर लेक बसल्या बसल्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडत होता आणि बाई कौतुकाने मान डोलावत होत्या.

ती तरातरा आत शिरली. "अहो, हा भिंतीशी बोलतो म्हणून आणला, तर तुम्ही खुर्चीशी बोलायला लावलंत? आगीतून फुफाट्यात पडलो की!"

"ही खुर्ची म्हणजे त्याचे बाबा, असं समजायचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मनात साठलेलं सगळं बोलून टाकायचं. हे बाबा घरातल्यासारखे मध्येच उठून जाणार नाहीत."

आईने खुर्ची नीट न्याहाळली. खांद्यावरची पर्स खाली ठेवली.



"ऊठ रे तू. माझं लग्नापासूनचं साठलंय."