चढावरची खुर्ची

चार वर्षांपूर्वी मित्राचं पत्र आलं होतं: "काल तळ्यावर नेलंस, बरं वाटलं. परतीच्या चढावर माझी चाकाची खुर्ची एकदम हलकी झाली, तरी तू वळून पाहिलं नाहीस. आभार."

तेव्हा तो ठणठणीत होता. खुर्ची कुठली अन् तळं कुठलं! चेष्टेला चेष्टेनं उत्तर देणं मला कधी जमलंच नाही. उत्तर राहून गेलं.

आता डॉक्टर आठवड्यांची भाषा बोलतात. आज सकाळी मी उत्तर लिहिलं: "तसं झालं, तर मी नक्की वळून पाहीन." हातात द्यायची लाज वाटली, म्हणून त्याचा पत्ता घातलेलं पाकीट खिशातच ठेवलं.

दुपारी त्याला चाकाच्या खुर्चीतून तळ्यावर नेलं. काठावर त्यानं तासभर पाणी पाहिलं. परतताना चढ लागला, तेव्हा मी पुढे होऊन खुर्ची माझ्यामागे ओढत निघालो.

"अरे पुस्तकी किड्या, कपाट ओढतोयस का? सावकाश!"

"कपाट बरं, बडबडत नाही."

तो हसला. दहा पावलांवर खुर्ची एकदम हलकी झाली.

"झोपलास का रे?" मी समोर बघूनच विचारलं. चाकं तेवढी करकरत होती. वळणार होतो, पण न वळल्याचे आभार त्यानं आधीच मानले होते.

चढ संपतो तिथे पोस्टाची पेटी आहे. एक हात खुर्चीवरच ठेवून, वळून न पाहता, मी पाकीट पेटीत टाकलं.