शेंगीची खोड

आवडतं माणूस परगावी निघालं, की शेंगी त्याची एक चप्पल पळवायची. कुत्री लाडाची, म्हणून मैंदर्गीतल्या सिद्धारामच्या घरात सगळे हसून सोडून द्यायचे. आज कुणी हसलं नाही. जावई लेकीला न्यायला आला होता. ती एकाच पायात चप्पल घालून उंबऱ्यात उभी. दंडावरचा काळानिळा वळ बापाला दिसत होता. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? “आवरा की मामा, सोलापूरची यष्टी चुकंल!” खेकसत जावयानं शेंगीला लाथ घातली. ती केकाटली, पण लेकीच्या पायापासून हलली नाही. तिची लपवायची जागा सिद्धारामला ठाऊक होती. परसात जाऊन त्यानं कडब्यात हात घातला. चप्पल हाताला लागली. क्षणभर थांबून त्यानं ती आणखी आत ढकलली. परत येऊन म्हणाला, “चप्पल गावंना. तुमचं बूट दोनी हाईत की, जावईबापू. निघा तुमी.”